यंत्र कोणाकोणाला पाहून शिकले?

तुमच्या घरी औषधांच्या डब्यात किंवा कपाटाच्या एखाद्या खणात बोटाला लावायचा एक छोटा चिमटा पडलेला असेल. २०२०-२१ साली करोनाच्या साथीत तो घरोघरी आला. बोट त्यात घातले की लाल प्रकाश दिसतो आणि थोड्या वेळाने ९७, ९८ असा आकडा उमटतो. पल्स ऑक्सिमीटर हे त्याचे नाव. त्या दिवसांत या आकड्यावर अख्ख्या घराचे डोळे लागलेले असत. आकडा ९४ च्या खाली उतरला की धावपळ सुरू होई. ९६ दिसला की माणसे निर्धास्त झोपत. आमच्या घरीही हेच चालले होते. रात्री दोनदा उठायचे, आईचे बोट चिमट्यात घालायचे, आकडा वहीत टिपायचा आणि पुन्हा पडायचे. हा आकडा येतो कोठून, असा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही. विज्ञानाविषयी लिहिणाऱ्या माणसाला तो सुचायला हवा होता.

या उपकरणामागची कल्पना ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याची, १९७४ सालची. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू घेऊन निघालेले असेल तर लालभडक दिसते, प्राणवायू देऊन परतताना ते काळपट दिसते. या रंगफरकाचा उपयोग आओयागींनी करून घेतला. चिमट्याच्या एका बाजूने दोन प्रकाश बोटातून आरपार सोडतात. एक तांबडा आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते आणि अवरक्त अधिक शोषते. प्राणवायू नसलेल्याचे याच्या उलट. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटातले रक्त कमीजास्त होते, म्हणून रक्ताने शोषलेला प्रकाश वेगळा काढता येतो. दोन्ही प्रकाशांचे गुणोत्तर यंत्र काढते.

इथवर सारे भौतिकशास्त्र झाले. पण गुणोत्तर म्हणजे टक्केवारी नव्हे. अमुक गुणोत्तर आले तर रक्तात प्राणवायू किती टक्के, हे नुसत्या सूत्राने नेमके सांगता येत नाही. बोट म्हणजे काही परीक्षानळी नाही. त्यात कातडी आहे, हाड आहे, मांस आहे. मग यंत्र बनवणारे काय करतात? काही निरोगी स्वयंसेवकांना बोलावतात. त्यांना थोडा वेळ कमी प्राणवायूची हवा श्वासात देतात. त्यांच्या धमनीतून रक्त काढून प्रत्यक्ष टक्केवारी मोजतात आणि त्याच वेळी चिमट्यात गुणोत्तर किती होते ते टिपून ठेवतात. अशा पुष्कळ नोंदींवरून एक कोष्टक तयार होते. तेच कोष्टक चिमट्याच्या पोटात असते. तुम्ही बोट आत घालता तेव्हा यंत्र तुमची गाठ त्या स्वयंसेवकांशी घालून देते आणि त्यांच्यावरून तुमचा आकडा सांगते.

मग साहजिकच विचारायला हवे की हे स्वयंसेवक कोण होते?

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१३ साली यंत्रे बनवणाऱ्यांना सांगितले होते की, चाचणीत किमान १० माणसे घ्यावीत आणि त्यांत गडद वर्णाची किमान २ किंवा १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तितकी असावीत. दहांत दोन! आता मेलॅनिन हे आपल्या कातडीतले रंगद्रव्य. तेही प्रकाश शोषते. ज्याच्या कातडीत ते अधिक, त्याच्या बोटातून जाणारा प्रकाश वेगळा. कोष्टक मात्र बव्हंशी उजळ कातडीच्या माणसांचे.

याचा परिणाम काय झाला? २०२० च्या डिसेंबरात मिशिगन विद्यापीठातल्या डॉक्टरांनी आपल्या रुग्णालयातील नोंदी तपासून एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. चिमटा ९२ ते ९६ असा बरा आकडा दाखवत असताना धमनीतल्या रक्तात प्राणवायू प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी होता, अशा वेळा किती, ते त्यांनी मोजले. गोऱ्या रुग्णांत हे प्रमाण ३.६ टक्के निघाले, काळ्या रुग्णांत ११.७ टक्के. म्हणजे जवळजवळ तिप्पट. यंत्र म्हणत होते ठीक आहे आणि माणूस आतून गुदमरत होता. चिमट्याबरोबर येणाऱ्या कागदावर सूचना असते की, नखाला रंग लावला असेल तर पुसून घ्या. नखाचा रंग पुसता येईल, कातडीचा कसा पुसणार? २०२५ च्या जानेवारीत त्याच प्रशासनाने नवा मसुदा काढला आणि चाचणीतील माणसांची संख्या १५० किंवा अधिक असावी असे सुचवले. आओयागींच्या कल्पनेनंतर पन्नास वर्षांनी!

तुम्ही म्हणाल, हा चिमटा म्हणजे काही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे. बरोबर. पण तिच्याकडे जाण्याची वाट मी मुद्दाम या चिमट्यावरून काढली. कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे याच रीतीने शिकतात, फक्त कोष्टकाचा पसारा अफाट असतो आणि ते कोष्टक उघडून वाचता येत नाही. डोळ्याच्या आतल्या पडद्याचे छायाचित्र पाहून मधुमेहामुळे नजर धोक्यात आहे का, हे सांगणारी एक आज्ञावली गूगल कंपनीच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केली. तिला शिकवण्यासाठी १,२८,१७५ छायाचित्रे वापरली होती. प्रत्येक छायाचित्र तीन ते सात वेळा डॉक्टरांनी पाहिले आणि दोष आहे की नाही ते नोंदवले. यंत्राला कोणी शरीरशास्त्र शिकवले नाही. चित्र आणि त्याखालचे उत्तर, पुढचे चित्र आणि त्याखालचे उत्तर, एवढेच लाखभर वेळा दाखवले. त्यातून संगणकाने आपल्या आतले आकडे असे काही जुळवून घेतले की न पाहिलेल्या चित्राचेही उत्तर बहुधा बरोबर यावे. गणिताच्या पुस्तकात सोडवून दाखवलेली उदाहरणे बघून तुम्ही सराव करता, तसेच. पण पुस्तकात काळ-काम-वेगाची उदाहरणेच नसतील आणि परीक्षेत तीच आली, तर? तुम्ही निदान कागद कोरा सोडाल. यंत्र कागद कोरा सोडत नाही. तितक्याच ठाम आवाजात ते काहीतरी उत्तर देते.

डोळ्यांच्या त्या आज्ञावलीच्या बाबतीत एक चांगली गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्या शिक्षणासाठी अमेरिकेतली चित्रे होतीच, पण मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह भारतातील तीन नेत्र रुग्णालयांतली चित्रेही होती. म्हणजे आपले डोळे तिने पाहिले होते. तरीही पुढे काय घडले पाहा. हीच पद्धत थायलंडमधील ११ आरोग्य केंद्रांत नेली तेव्हा २०१८-१९ मध्ये संशोधक तिथे जाऊन बसले आणि जे दिसले ते २०२० साली त्यांनी मोकळेपणाने लिहिले. डोळ्याचे चित्र चांगले यायचे तर खोलीत अंधार हवा. पण तिथल्या परिचारिका ज्या खोलीत चित्र काढत तिथेच बाकीच्या तपासण्याही चालत. अंधार करायचा कसा? १,८३८ चित्रांपैकी २१ टक्के चित्रे पुरेशी स्पष्ट नाहीत म्हणून यंत्राने नाकारली. ज्याचे चित्र नाकारले त्याला दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जा, असे सांगावे लागे. म्हणजे कामाचा खाडा, गाडीभाडे आणि कदाचित डोळ्यात काहीच दोष नसायचा. चित्रे दूरच्या संगणकाकडे पाठवायची असत आणि इंटरनेट संथ. एका केंद्रात ते दोन तास बंद पडले तर त्या दिवशी २०० ऐवजी १०० जणांचीच तपासणी झाली.

प्रयोगशाळेत उत्तम उतरलेले यंत्र गावात अडखळले ते डोळ्यांच्या फरकामुळे नव्हे, खोली आणि तारेमुळे. म्हणून, ‘आमच्यासारखी माणसे तुमच्या माहितीत आहेत का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘आमच्यासारखी खोली आहे का?’ हेही विचारावे लागते. आपल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दुपारी वीज गेलेली असताना बाहेरच्या बाकावर कधी बसला असाल, तर हे तुम्हाला वेगळे समजावण्याची गरज नाही.

आता याहून सूक्ष्म चूक पाहू. मला स्वतःला ही सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सावकाश वाचा.

अमेरिकेतील रुग्णालये आणि विमा कंपन्या एक आज्ञावली वापरत. हजारो रुग्णांतून कोणाला अधिक मदतीची गरज आहे, म्हणजे कोणाकडे परिचारिकेने घरी फोन करावा, कोणाला लवकर वेळ द्यावा, हे ती ठरवी. झियाद ओबरमायर, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात तिची चिकित्सा केली. या आज्ञावलीला माणसाचा वर्ण सांगितलेलाच नव्हता. काळ्या रुग्णांची माहितीही तिच्याजवळ भरपूर होती. तेव्हा पक्षपाताला जागाच नाही, असे कोणालाही वाटेल. तरी तिने सारखेच गुण दिलेल्या दोन रुग्णांत काळा रुग्ण अधिक आजारी निघे. मदतीची निकड सर्वाधिक असलेल्या गटात तर काळ्या रुग्णाला गोऱ्यापेक्षा सरासरी २६ टक्के अधिक जुनाट आजार होते.

असे का व्हावे? यंत्राला शिकवायचे होते ‘आजार किती’ हे. पण आजार मोजणे कठीण, आणि खर्च मोजणे सोपे. बिले संगणकात असतातच. म्हणून शिकवणाऱ्यांनी आजाराच्या जागी खर्च धरला. ज्याच्यावर खर्च जास्त तो जास्त आजारी. वरवर पटते, नाही? पण ज्याला दवाखान्यात जायला सुट्टी मिळत नाही, ज्याच्या वस्तीजवळ रुग्णालय नाही, ज्याला डॉक्टर नीट ऐकून घेत नाहीत, त्याच्यावर खर्च कमीच होणार. तितक्याच आजारी असलेल्या काळ्या रुग्णावर गोऱ्यापेक्षा वर्षाला सुमारे १,८०० डॉलर कमी खर्च होत होते. यंत्राने यातून अर्थ काढला की, हे लोक ठणठणीत आहेत! ज्यांना आजवर कमी मिळाले, त्यांना पुढेही कमी द्यावे, असा हा हिशेब. कोणी वाईट हेतूने केला नव्हता. ओबरमायर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले की ही तफावत दूर केली तर जादा मदत मिळणाऱ्यांत काळ्या रुग्णांचा वाटा १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल. कंपनीनेही त्यांच्याबरोबर बसून खर्चाच्या जोडीला प्रत्यक्ष आजारही धरून पाहिले, तेव्हा पक्षपात पुष्कळ घटला.

आपल्याकडे उद्या कोणी असे यंत्र बनवले आणि रुग्णालयातल्या बिलांवरून गरज ठरवली, तर मेळघाटातली बाळंतीण त्या यंत्राच्या हिशेबी अगदी सुखरूप ठरेल. ती शहरातल्या रुग्णालयात कधी पोचलीच नसेल तर तिच्या नावावर बिल कोठून असणार?

शरीराच्या मापांचेही असेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे एक प्रसिद्ध छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक नेमका एकच, २२.३. पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. लंडनच्या देहांवरून शिकलेले यंत्र दोघांनाही एकच शेरा देईल आणि आपल्याकडच्या मधुमेहाच्या धोक्याकडे त्याचे दुर्लक्ष होईल. पण इथे आपण पुण्याचे आणि मुंबईचेच देह मोजून ‘भारतीय’ म्हणू लागलो, तर लंडनकरांची चूक आपणच पुन्हा करू. गडचिरोली, नंदुरबार या भागांतील आदिवासी समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. त्यात लाल पेशी १२० दिवसांऐवजी जेमतेम दोनतीन आठवडे जगतात. आता ज्या तपासणीला आपण ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतो, ती लाल पेशींवर साठत गेलेली साखर मोजते. पेशीच लवकर मेल्या तर साखर साठणार केव्हा? अशा रुग्णाचा आकडा खोटाच कमी येतो. शहरी रुग्णांच्या आकड्यांवर शिकलेले यंत्र त्याला मधुमेह नाही असे सांगून मोकळे होईल. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि ७ कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरवले. अशा नोंदी यंत्रे शिकवणाऱ्यांनी डोळ्यांसमोर ठेवल्या पाहिजेत.

भाषेबद्दल एकच सांगतो. रुग्णाशी बोलून आजाराचा अंदाज घेणारी यंत्रे आता येत आहेत. ‘अंगात कणकण आहे’, ‘पोटात कालवतंय’, ‘हातापायाला मुंग्या येतात’ हे आपण किती सहज बोलतो! यातले ‘कणकण’ इंग्रजीत सांगून पाहा. मराठीची ही गत, तर कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या आजीने काय करावे? गोंडी ही २०११ च्या जनगणनेप्रमाणे सुमारे ३० लाख लोकांची मातृभाषा आहे. लहान भाषा नव्हे.

यावर एक उत्तर हमखास येते. सर्वांची माहिती गोळा करा, झाले! ते इतके सोपे नाही, आणि का नाही तेही समजून घ्या. अमेरिकेतील ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या घळीत हवासुपाय नावाचा आदिवासी समाज राहतो. त्यांच्यात मधुमेह फार. त्यावर संशोधन करायचे म्हणून १९९० पासून तिथल्या विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांचे रक्त घेतले. पुढे त्यांना कळले की त्याच रक्तावर मानसिक आजार, त्यांच्या पूर्वजांचे स्थलांतर असे भलतेच अभ्यास झाले. त्यांना कोणी विचारले नव्हते. ते न्यायालयात गेले. २०१० साली विद्यापीठाने ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले रक्त परत केले. आता सांगा, दुसऱ्या वेळी कोणी सुई घेऊन आले तर हे लोक हात पुढे करतील? माहितीत अमुक समाज नाही म्हणून आपण हळहळतो, तेव्हा तो समाज का नाही याची चौकशीही करावी. माणसाला समजेल अशा भाषेत विचारून घेतलेली माहिती आणि ज्याची माहिती त्याच्या गावात तिचा लाभ, एवढे तरी हवेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२३ साली या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे काढली आहेत. चांगली आहेत. पण मार्गदर्शक तत्त्वे पाळली नाहीत तर शिक्षा होते असे नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. माझे एक शिक्षक मित्र दुर्गम भागात शिकवतात. ते मला म्हणाले, “अहो, आमच्याकडे डॉक्टरच नाही. अर्धवट का होईना, यंत्र असलेले बरे नाही का?” या प्रश्नाला मी बरेच दिवस उत्तर शोधत होतो. त्याचे उत्तर मला क्षयरोगाच्या कामात सापडले असे वाटते.

जगातल्या दर चार क्षयरोग्यांपैकी साधारण एक भारतात आहे. छातीचे क्ष-किरण चित्र वाचणारे डॉक्टर गावोगावी नाहीत. ही चित्रे वाचणाऱ्या आज्ञावल्या, त्यांत मुंबईतल्या एका कंपनीचीही एक, जागतिक आरोग्य संघटनेने तपासल्या आणि २०२१ च्या मार्चमध्ये त्या वापरायला हरकत नाही असे सांगितले. आपल्याकडे डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात मावणारी क्ष-किरण यंत्रे अशा आज्ञावल्यांसह गावांत नेण्यात आली. आता यातल्या दोन गोष्टींकडे लक्ष द्या. पहिली अशी की, यंत्र चित्राला गुण देते, पण किती गुणांच्या पुढे संशयित मानायचे ती रेषा जिथे वापरायचे तिथल्या लोकांवर तपासून ठरवावी, असे संघटनेने सांगितले आणि ती कशी ठरवायची याची पद्धतही दिली. ज्यांना पूर्वी क्षय होऊन गेला आहे त्यांच्या छातीत जुने व्रण असतात. दगडखाणीत राबलेल्यांच्या छातीत धूळ बसलेली असते. जेथे असे लोक पुष्कळ, तेथे दुसऱ्या गावची रेषा चालत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे शिफारस १५ वर्षे आणि त्यांवरील व्यक्तींपुरतीच होती. लहान मुलांवर पुरेशी तपासणी झालेली नव्हती, म्हणून स्पष्ट लिहिले. तुमच्यापैकी जे आठवी-नववीत, तेरा-चौदा वर्षांचे आहेत, ते तेव्हा या यंत्राच्या दृष्टीने न पाहिलेल्या समाजात मोडत होते! आपण नेहमी बहुसंख्य असतोच असे नाही, हे ध्यानात येण्यासाठी हे उदाहरण मला बरे वाटते.

शिवाय यंत्राने ‘संशय’ म्हटले की थुंकी तपासली जाते. म्हणजे चुकीचा ‘होय’ पुढे पकडला जातो. धोका आहे तो चुकीच्या ‘नाही’मध्ये. यंत्राने ‘काही नाही, घरी जा’ म्हटलेल्या माणसाची पुन्हा तपासणी कोणी करत नाही. तो घरी जातो, खोकत राहतो आणि काही महिन्यांनी काय होते ते यंत्राला कोणी जाऊन सांगत नाही. ज्याच्याजवळ दुसऱ्या डॉक्टरचे मत घ्यायला पैसे आहेत तो या चुकीतून सुटतो. ज्याच्यासाठी ते यंत्र आणले, तो सुटत नाही. म्हणून माझ्या मित्राला मी असे सांगितले की, यंत्र जरूर आणा, पण ते संशय घ्यायला ठेवा. निर्दोष सोडण्याचा अधिकार एकट्या यंत्राला देऊ नका. ‘यंत्र काहीही म्हणो, मला या बाईची लक्षणे बरी दिसत नाहीत’ असे म्हणून पुढे पाठवण्याचा अधिकार तिथल्या आशाताईंना असला पाहिजे. मित्र म्हणाले, “अधिकार द्याल हो, गाडी कोण देणार?” यावर मी निरुत्तर झालो, हे कबूल करतो.

तरी एक मागणी मी करीनच आणि ती तुम्हीही करावी. बिस्किटाच्या पुड्यावर आत काय काय आहे ते छापावे लागते. औषधाच्या पट्टीवर मुदत छापावी लागते. मग आरोग्य केंद्रात येणाऱ्या प्रत्येक अशा यंत्रावर हे कोणत्या देशातील, किती, कोणत्या वयाच्या माणसांवर शिकले, कोणावर तपासले आणि कोणावर तपासलेले नाही, हे मराठीत, ठळक अक्षरांत का असू नये? त्यात तंत्रज्ञानाची काही अडचण नाही. कंपनीला ही माहिती असतेच. नसेल तर ते यंत्र विकायलाच येऊ नये.

सुरुवात घरच्या चिमट्यापासून करू. त्याच्याबरोबर आलेला घडीचा कागद शोधा. अक्षरे बारीक असतील, भिंग घ्या. तो कोणत्या वयाच्या, कोणत्या वर्णाच्या, किती माणसांवर तपासला हे लिहिले आहे का, पाहा. विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गातले असे सर्व कागद एकत्र करून एक तक्ता करावा, एका रकान्यात कंपनी, दुसऱ्यात माणसांची संख्या, तिसऱ्यात ‘लिहिलेले नाही’. हे तक्ते मासिकाकडे पाठवा; तिसऱ्या रकान्यात किती खुणा पडतात ते मला पाहायचे आहे.